उलटी दांडी

जुन्या बोटीच्या मोटारीचा खालचा भाग म्हाताऱ्याने खोलला, फाटलेलं सील बदललं, पाणी शिरून दुधाळ झालेलं तेल काढून नवं भरलं आणि गिअरची दांडी परत जोडली.

"बाबा, उलटी जोडलीत!" काठावरून मुलगा ओरडला.

"तुझ्या आईने जोडली होती तशीच जोडली."

"आईची चूक होती ती."

"तिची आहे ना? मग राहू दे तशीच."

मुलाने कपाळावर हात मारला. "आई जाऊन वर्ष झालं. हे धूड भंगारात द्या. किती दिवस मागेच राहणार? आता जरा पुढे जा!"

"जातो की," म्हातारा म्हणाला. त्याने दोरी ओढून मोटार सुरू केली, गिअर मागे टाकला, आणि बोट सुसाट पुढे निघाली.