कोरा उंबरा

फुलवाली मुनियम्मा दारापर्यंत आली, उंबऱ्यापुढे बघितलं आणि कडीला गजरा न अडकवताच पुढे गेली.

ओट्यावर बसलेल्या अलमेलू अम्मांनी ते पाहिलं. अंगण झाडलेलं होतं, सडा वाळत आला होता, पण त्यावर कोलम, रोजची पिठाची रांगोळी, नव्हतं. मार्गळीचा, धनुर्मासाचा महिना, साऱ्या गल्लीत तांदळाच्या पिठाच्या रेघा फुललेल्या. पूर्वी दुधाला निघालेल्या बाईला दारांवरूनच कळायचं, कुणाकडे बारसं आहे नि कुणाकडे मरण. मरण झालेल्या घराचाच उंबरा असा कोरा असायचा.

"अम्मा, गल्ली काय म्हणेल?" पिठाचा डबा घेऊन सून भुवना मागे उभी होती. "तुमचा मुलगा आत दात घासतोय. धडधाकट. मी ओढते चार रेघा."

"थांब. तिचे ठिपके येऊ देत."

ती म्हणजे कोमळवल्ली. फेसबुकवर कोलमच्या गटात भेटलेली. रोज पहाटे ती आपल्या दारात ठिपके मांडून त्यांचा फोटो पाठवायची. अम्मा तेच ठिपके इथे मांडून रेघ फिरवायच्या आणि आपला फोटो पाठवायच्या. तो गेला की लगेच तिचं उत्तर, "अक्का, वळणावर हात थरथरला वाटतं. सुनेशी भांडलात का?" तंजावरकडची, एवढंच ठाऊक. आवाजसुद्धा कधी ऐकलेला नव्हता. पण ठिपके चुकले नव्हते. आज ऊन पायरीवर आलं तरी फोन गप्प होता.

"तिची बॅटरी संपली असेल," भुवना म्हणाली.

"परवा छातीत कळ येते असं लिहिलं होतं तिनं."

"म्हणून न पाहिलेल्या बाईसाठी आपलं दार कोरं ठेवायचं? चांगलं नाही हे."

"कळतंय गं. हात चालत नाही."

समोरच्या पद्मा मामी रस्ता ओलांडून आल्या. अनवाणी, केस न विंचरता. आवाज अगदी खाली.

"अलमेलू, कधी झालं? एक हाक तरी मारायचीस."

"अजून कळलं नाही," अम्मा म्हणाल्या.

तेवढ्यात तोंडाला फेस लागलेला मुलगा दारात येऊन विचारू लागला, काय गडबड आहे. पद्मा मामी दचकून मागे सरल्या.

फोन वाजला. अम्मांनी तो भुवनापुढे धरला. "तू वाच." मग लगेच ओढून घेतला. "नको, दे."

फोटोत एक ओला उंबरा होता. त्यावर काहीच नव्हतं. खाली लिहिलं होतं, "अक्का, पहाटे हे गेले. आता काही दिवस ठिपके नाहीत. तुम्ही तुमचं दार मोकळं ठेवू नका."

"वाचली गं बाई," अम्मांच्या तोंडून निघून गेलं.

"कोण वाचलं?" पद्मा मामींनी विचारलं.

"कोमळवल्ली. तिचे यजमान गेले."

भुवना सासूकडे बघत राहिली. अम्मांच्या ओठांवर हसू होतं, आणि ते काही केल्या जात नव्हतं. त्यांनी घाईघाईने पदर तोंडावर ओढला. त्या रडताहेत असं समजून पद्मा मामी शेजारी बसल्या आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.