लाल दोऱ्याच्या ओंब्या
हडपसरपलीकडचे शेतकरी दर मळणीला पायली-पायली गहू बाजूला काढत. त्यावर संशोधनाचं शेत चाले आणि तिथल्या संशोधक निशाचा पगारही. तांबेरा रोगाला पुरून उरलेल्या मोजक्या ओंब्यांना तिने लाल दोरा बांधला होता. पुढचं बियाणं त्यांतूनच व्हायचं होतं. संस्थेच्या नारायण पेठेतल्या शेतकरी मेळाव्यात प्रमुख पाहुण्यांच्या हाती हिरव्यागार ओंब्यांचा गुच्छ आला. प्रत्येक देठाला लाल दोरा. “कुठून कापल्या?” तिने सचिवांना विचारलं. “आपल्याच शेतातून. तुम्हीच दोरा बांधून ठेवलेल्या ना, सत्कारासाठी? अहो, फोटोत काय खुलतात!” पाहुण्यांनी भाषणात बळीराजाला वंदन केलं आणि निघताना गुच्छ पहिली पायली घालणाऱ्या गेनबांच्या हाती कोंबला. गेनबांनी तो कपाळाला लावला. एक दाणा दाबला, तर दूधच निघालं. “पोरी, लई कवळ्या कापल्या की,” ते हसले. “असू दे, शोभेच्याच त्या. आमचं बियाणं कुठं हाय?”