तुन यीच्या वहाणा

"यमेथिन शहर इंग्रजांनी घेतलं, आणि जपान्यांचा ट्रक आपल्या गावाकडे वळलाय!" पाटील धापा टाकत विहाराच्या पायऱ्यांशी येऊन थांबले. "प्वाताई, तुझ्या त्या मुक्याला आत्ताच्या आत्ता कुठंतरी हलव."

दॉ प्वानं हातातला भाताचा डबा पायरीवर ठेवला. "कुठं हलवू? रस्त्यावर इंग्रजांची विमानं कुत्र्यालासुद्धा सोडत नाहीत."

"एका माणसापायी सगळं गाव जाळतील गं!"

"मग 'डोकं भादरा नि भिक्खू करा' हे कुणी सुचवलं होतं?"

"तेव्हा इंग्रजांचे रणगाडे लांब होते. हरायला लागलेला माणूस काय करील, नेम नाही." पाटलांनी नकळत गालावर हात फिरवला. बैलगाड्या द्यायला उशीर झाला म्हणून जपानी सार्जंटनं भर बाजारात त्यांना कानफटवलं होतं, ते अजून त्यांच्या मनातून गेलं नव्हतं.

मुका तिला कालव्याच्या काठी सापडला होता. फाटकी लुंगी, सुजलेली टाच, अंगात सणकून ताप आणि हाडांचा नुसता सापळा. तोंडावळा शान डोंगरातल्या लोकांसारखा. रेल्वे बांधायला जपान्यांनी धरून नेलेली माणसं पळून आली की अशीच दिसत. तिचा लेक तुन यी त्याच कामावर गेला होता. तो आला नाही, त्याच्याबरोबरच्यानं त्याच्या वहाणा तेवढ्या आणून दिल्या. डाव्या अंगठ्याला तिनंच घातलेली लाल दोऱ्याची शिवण होती. मुक्याला बरं वाटल्यावर तिनं त्या त्याच्या पायांत घातल्या आणि घरी जाऊन पोटभर रडून घेतलं.

माणूस गुणी होता, पण त्याला वळण नव्हतं. भिक्षा घेतली की हा बाबा तिलाच कमरेत वाकून नमस्कार करी. "अरे, चीवर घातलेल्यानं बाईपुढं वाकायचं नसतं," ती दटावायची. तो कावराबावरा होई आणि पुन्हा वाकायचा. डोंगरातल्यांना कोण शिकवणार, असं म्हणून ती हसून सोडून देई.

आज मात्र हसू कुठल्या कुठे पळालं होतं. थिंजानचे, नव्या वर्षाच्या सणाचे दिवस होते, तरी गावात कुणी कुणावर ओंजळभर पाणी उडवलं नव्हतं. उत्तरेकडून तोफांचा गडगडाट येत होता. वर विमान घोंघावलं तसा ट्रक चिंचेखाली शिरला. आतला अधिकारी खाली उतरेना. सार्जंट एकटाच विहाराकडे चालत आला. तोच, पाटलांना मारणारा. पाटील पाण्याच्या रांजणाआड सरकले.

"माणूस," सार्जंट मोडकंतोडकं बोलला. "आमचा. पळाला. इथे आहे?"

"नाही मालक." दॉ प्वा म्हणाली. आमचा म्हणे! लोकांची पोरं ओढून न्यायची आणि वर आमचा म्हणायचं.

तो सगळ्यात खालच्या पायरीवर बसला, पायांच्या पट्ट्या सोडल्या आणि बूट काढले. मग उठून ते फिरवले आणि टोकं फाटकाकडे करून, एकाला एक लावून कडेला ठेवले. पळायच्या तयारीनंच आलाय मेला, तिला वाटलं. रणगाड्यांनी चांगलीच अद्दल घडवलेली दिसते.

तो वर गेला. उघड्या दारातून तिला सगळं दिसत होतं. भिक्खू रांगेत बसले होते, मुका शेवटी. सार्जंट एकेकाच्या तोंडाकडे बघत पुढे सरकला आणि मुक्यापाशी थांबला.

"हा?"

"याचं डोकं मी स्वतः भादरलं," विहाराचे प्रमुख, म्हातारे सयाडो शांतपणे म्हणाले. "इथे बसलेले सगळे भिक्खूच आहेत."

"नाव?"

"बाँब पडल्यापासून त्यानं तोंड उघडलेलं नाही."

तेवढ्यात रस्त्याच्या बाजूला मोठा धमाका झाला. कौलं खडखडली. मुक्यानं डोळे मिटून घेतले, मान खालीच ठेवली. सार्जंट त्याच्या सुजक्या टाचेकडे बघत राहिला. याला नेलं तर तुन यी दुसऱ्यांदा जाईल, एवढंच दॉ प्वाच्या मनात येत होतं.

सार्जंट वळला आणि पायऱ्या उतरू लागला. तिच्या जिवात जीव आला.

बूट घालायला तो खाली वाकला आणि तसाच थांबला. ती त्याच्या नजरेमागून बघू लागली.

पायऱ्यांशी वहाणांचा नेहमीचा पसारा होता. जो जसा वर चढला तशी त्याची वहाण, टोकं विहाराकडे, एकीवर दुसरी. गावात कुणी कधी वहाणा वळवून ठेवत नसे. कडेला मात्र सार्जंटचे बूट होते, आणि दोन हातांवर आणखी एक जोड होता. टोकं फाटकाकडे, एकाला एक लागून. डाव्या अंगठ्याला लाल दोऱ्याची शिवण.

डोंगरातला नव्हताच तो. ज्यांनी तिचा तुन यी नेला, त्यांच्यातल्याच एकाला ती महिनाभर स्वतःच्या हातानं भात वाढत होती.

"कुणाच्या?" सार्जंटनं हळूच विचारलं.

रांजणाआडून पाटील तिच्याकडे बघत होते. चिंचेखालून अधिकारी काहीतरी ओरडला. वर दाराच्या चौकटीत मुका उभा होता. तिच्याकडे बघून तो कमरेत वाकला.

"माझ्या लेकाच्या," ती म्हणाली.

सार्जंटनं बूट चढवले. मग त्या वहाणा उचलून उलट्या फिरवल्या, टोकं विहाराकडे करून पसाऱ्यात टाकून दिल्या, आणि ट्रककडे तोंड करून दोन्ही रिकामे हात हलवले.