दुसरी वेलांटी

ऱ्हस्व-दीर्घाशी तिचं जन्माचं वाकडं. म्हणून तर ऑफिसने तिच्या ईमेलला शुद्धलेखन तपासणारं ॲड-इन जोडून दिलं होतं, आणि आज नेमकं तेच लोड होत नव्हतं. वर्तमानपत्राच्या पुरवणीचा मजकूर दुपारपर्यंत छापखान्याला मेल करायचा होता. आणखी एक चूक सापडली तर पुरवणी दुसऱ्या कुणाकडे देईन, असं संपादकबाईंनी बजावलं होतं.

कॉम्प्युटरवाले दादा आले. त्यांनी ॲड-इन काढून पुन्हा बसवलं, तरी पडद्यावर पुन्हा तोच बिघाडाचा लाल त्रिकोण.

"जावयासारखं रुसलंय," ते म्हणाले. "पार काढूनच टाकतो. उरलेलं तुम्ही डोळ्यांत तेल घालून टाइप करा."

तिने 'परिक्षा' लिहिलं. पहिली वेलांटी आपोआप दुसरी झाली.

"चाललं की, दादा!"

"कसं चालेल? काढलंय ना आत्ताच!"

त्यांनी इंटरनेटची वायरही उपसली. तिने 'निरिक्षण' लिहिलं, तेही सुधारलं. दादा हातातलं वायरचं टोक निरखत राहिले. ती मात्र खुशीत होती. मजकूर आरशासारखा स्वच्छ निघाला. वायर जोडून तिने मेल पाठवला. पुरवणी आता तिचीच राहणार होती.

दादांनी काम झाल्याची पावती पुढे केली. त्यांचंच पेन घेऊन तिने समाधानाने लिहिलं, 'दुरुस्ति झाली.'

सहीसाठी पेन टेकवलं, तोच कागदावरची पहिली वेलांटी हलली. हलकेच 'त' ओलांडून ती पलीकडे जाऊन उभी राहिली.

तिची शाई अजून ओली होती.