हसऱ्या तोंडानं

"व्हय आई, लई मजेत हाय," मोबाईलवर रेश्मा हसत म्हणाली. मुंबईच्या एका कंपनीनं तिला मुलींच्या बँडमध्ये गाण्या-नाचण्यासाठी घेतल्यापासून भवानी पेठेतल्या घरी तिचा व्हिडिओ कॉल फक्त रविवारी यायचा. आई लेकीच्या रंगवलेल्या तोंडाकडं कौतुकानं बघत होती, पण धाकट्या सृष्टीचं लक्ष ताईच्या डोळ्यांकडं होतं. प्रत्येक उत्तराआधी ती मोबाईलच्या वर, समोर उभ्या असलेल्या कुणाकडं तरी बघत होती. सृष्टी सध्या एक गेम खेळायची. त्यात आपण एका गायिकेचे मॅनेजर असतो. तिचं जेवण आणि झोप कमी केली, की चाहते वाढतात. तिनं घरी फोन लावला, की काय बोलायचं तेही आपणच निवडतो. कालच सृष्टीनं 'मी मजेत आहे' या उत्तरावर बोट दाबलं होतं. तिनं मोबाईल हातात घेतला आणि मैंदर्गीच्या आजोळी बोलतात त्या कानडीत विचारलं, "ताई, तितं कोण उभं हाय?" रेश्माचं हसू जराही हललं नाही. तशाच हसऱ्या तोंडानं ती कानडीत म्हणाली, "बाहेरून कडी लावत्यात. मला घेऊन जावा." वरून एक हात आला आणि पडदा काळा झाला. "काय म्हणली गं पोरगी?" शेजारी बसलेल्या वडिलांनी विचारलं. त्यांना कानडी येत नव्हती. आईनं त्यांचा हात धरला आणि अनवाणीच त्यांना दाराबाहेर ओढलं.