उजेडाची बाजू

मुलीने कार्ड पुन्हा फिरवले. वाचनतज्ज्ञ बाईंनी ते पुन्हा सरळ केले. चाचणीचा नियम स्पष्ट होता: कार्ड मुलासमोर सरळ ठेवावे, मदत करू नये, खेळू देऊ नये.

"आता वाच बरं."

मुलीने मान इतकी वाकडी केली की वेणीचे टोक टेबलाला टेकले. बाईंनी नोंद केली: लक्ष स्थिर नाही.

शाळेच्या भाषेतले कार्ड आधीच झाले होते. निकाल शून्य. तो अपेक्षितच होता. त्याशिवाय शाळेने तिला इथे पाठवले नसते. वय सहा. पुस्तक उलटे धरते. ओळीच्या सुरुवातीला बोट ठेव म्हटले तर उजव्या टोकाला ठेवते. फळ्यावर बोलावले तर अक्षरांऐवजी कसल्यातरी खुणा काढते. शाळेचे निदान तयार होते: घरची भाषा वेगळी, लिपीही वेगळी, म्हणून गोंधळ. उपायही तयार होता: घरची भाषा बंद.

दोन महिने ती बंद होती. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या आजोबांना शाळेची भाषा गिऱ्हाइकाला भाव सांगण्यापुरतीच येत होती. त्यामुळे नातीशी त्यांचे बोलणेच संपले होते.

बाईंना शाळेचा तर्क पटलेला नव्हता. दोन भाषांमुळे वाचन अडते, याचा पुरावा त्यांच्या पाहण्यात कधी आला नव्हता. म्हणूनच त्यांनी घरच्या भाषेतले हे दुसरे कार्ड काढले होते. यातले चार शब्द जरी मुलीने वाचले असते, तरी शाळेचे निदान तिथेच कोसळले असते. तिने एकही वाचला नाही. मग दोष भाषेचा नव्हता. अडचण मुलीतच होती, आणि तिची जागा वेगळ्या शाळेत होती.

कार्ड तिसऱ्यांदा फिरले. बाईंनी ते काढून घेतले.

भिंतीलगतच्या बाकावर बसलेल्या आईने ते पाहिले. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करत असे. अहवाल वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावरून निकाल ओळखण्याची तिला सवय होती.

"आमचा सेकंदकाटा आहे हो हा," शेजारी बसलेले आजोबा मध्येच म्हणाले. "एका जागी ठरायचा नाही. एक माझ्या टेबलाशी तेवढी बसते. तीही समोर. बाजूला कुणी बसलं की माझा उजेड अडतो. घड्याळाच्या पोटात हात घालायचा तर उजेडाशी तडजोड नाही चालत."

"बाबा, त्यांना लिहू द्या."

"लिहू देत की. मी कुठे त्यांचा हात धरलाय? काम आटोपलं की मी हिला गोष्टी वाचून दाखवायचो, एवढंच सांगत होतो. ओळीखालून चिमटा फिरवत." त्यांनी नातीकडे पाहिले. "दाखवायचो. आता नाही."

आईने मान खाली घातली.

बाई अहवाल लिहू लागल्या. ज्या भाषेची चाचणी, त्याच भाषेत नोंद, हा त्यांचा शिरस्ता होता. अक्षर ठसठशीत, छापल्यासारखे. टेबलापलीकडे मुलीने हनुवटी कडेला टेकवली आणि पेनाच्या टोकावर डोळे लावले. टोक सरकेल तसे डोळे सरकू लागले.

"मुलीला," ती हळूच म्हणाली, "घरच्या... भाषेत... वाचता..."

पेन थांबले.

"पुढे लिहा ना," मुलगी म्हणाली. "येतं की येत नाही?"

बाईंनी आधी कागदाकडे पाहिले, मग मुलीकडे. कागद त्यांच्या बाजूला सरळ होता. मुलीच्या बाजूने त्यावरचे प्रत्येक अक्षर डोक्यावर उभे होते आणि ओळ उजवीकडून सुरू होत होती. त्यांनी कार्ड उचलले आणि नोकरीत प्रथमच नियम मोडून ते मुलीसमोर उलटे ठेवले.

मुलीने ते जवळजवळ एका दमात वाचले. अडली एका जोडाक्षरापाशी. तिथे तिच्या वयाची सगळीच मुले अडतात.

आई हसू लागली. मग तिला डोळे पुसावे लागले. "म्हणजे फळ्यावरच्या त्या खुणा..."

"अक्षरंच असणार. आजोबांसमोर बसून हिला जशी दिसत आली, तशीच काढलेली," बाई म्हणाल्या.

"मग हिला काही झालेलं नाही?"

"झालंय की. कुणी न शिकवता वाचायला शिकलीये." बाईंनी अर्धे राहिलेले वाक्य खोडले नाही, पुरे केले: येते. "शाळेची अक्षरं हिच्यासाठी नवी आहेत. त्यांना वेळ लागेल. पण वाचणं म्हणजे काय, ते हिला उमगलंय. ते दर भाषेत नव्याने शिकावं लागत नाही."

"आणि आमचं बोलणं?" आजोबांनी विचारले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "ते बंदच ठेवायचं?"

"काहीच बंद ठेवायचं नाही, आजोबा. रोज बोला, रोज वाचून दाखवा. फक्त हिची खुर्ची समोरून काढा आणि तुमच्या बाजूला घ्या."

त्या बाजूला आजोबांनी आजवर कुणालाही बसू दिले नव्हते. हाताखाली काम शिकायला आलेल्यांना नाही, बायकोलाही नाही. नात त्यांच्याकडे पाहत होती. सेकंदकाटा जागचा हलत नव्हता.

"अडू दे उजेड," ते म्हणाले.