सुंदरम्माचं क्रीम

शुक्रवार पेठेतल्या आपल्या घरी महेश्वरी क्रीमं बनवून विकायची. थंडीपुरते वळसंगाहून तिच्याकडं राहायला आलेल्या वडिलांच्या हातांना भेगा पडून रक्त येऊ लागलं होतं. पण गुरुबसप्पा तिच्या क्रीमला बोट लावायला तयार नव्हते. "तुझ्या अव्वाच्या क्रीमनं बरं वाटायचं," एवढंच म्हणायचे.

शेवटी एका दुपारी तिनं आईच्या, सुंदरम्माच्या पद्धतीनं घाट घातला. मधमाश्यांचं मेण तिळाच्या तेलात वितळवलं, गुलाबपाणी थेंब थेंब घालत घोटून घोटून पांढरंशुभ्र केलं. सुंदरम्मा होती तेव्हाचा वास घरभर सुटला. अप्पांनी डबी नाकाशी धरली, त्यांचे डोळे भरून आले. तरी त्यांनी ती न लावताच खाली ठेवली.

"आता काय कमी पडलं, अप्पा?"

"कमी काय न्हाय गं. पण मी आपल्या हातानं कवा लावलंच न्हाय की. तिच्या हाताला रोज जास्त व्हायचं, मग उरलेलं माझ्या हातांना पुसायची."

महेश्वरी थबकली. रिकामी डबीसुद्धा बोटानं निपटून घेणारी अव्वा, तिच्या हाताला रोज जास्त व्हायचं?

तिनं क्रीमचा मोठा गोळा तळहातावर घेतला.

"अगं बाई, जास्तच झालं की! अप्पा, हात करा बरं इकडं."